डायलवरच्या चित्रांना भिऊ नका, खरं काम त्या दोन नॉबचं असतं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. दिवाळीला घरचं मोटरचं मशीन घेतलं, डायलवर ढीगभर चित्रं आहेत, पण सहा महिने झाले तरी सरळ शिलाईच्या पुढं गाडी जाईना. झिगझॅग म्हणजे नागमोडी टाका मारला की कापडाची कड गोळा होते, पोराच्या टी-शर्टवर टाके सुटतात, ट्रॅकपँट शिवून दिली तर आठवड्यात परत तिथंच उसवली. मशीनच खराब निघालं का, आणि कड कापून गुंडाळणारं ओव्हरलॉकचं वेगळं मशीन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मशीन बहुतेक ठीक आहे, आणि ओव्हरलॉकचे पैसे आत्ता घालू नका. मी बावीस वर्षं शिवतेय, कोल्हापुरात राजारामपुरीत घरातच क्लास घेते, आणि नवीन मशीन घेऊन येणारी जवळपास प्रत्येकजण हेच रडगाणं घेऊन येते. कारण आपण सगळ्या आईच्या नाहीतर सासूबाईंच्या काळ्या पायमशीनवर शिकलो. त्या मशीनला एकच टाका, सुई फक्त वरखाली, डावी-उजवीकडं हलतच नाही. त्यामुळं डोक्यात बसलेलं असतं की टाका म्हणजे डायल फिरवला की मिळणारी तयार वस्तू. तसं नसतं ओ. डायलवरचं चित्र म्हणजे सुईनं कसं चालायचं एवढंच. किती रुंद चालायचं आणि किती दाट चालायचं हे लांबीचा आणि रुंदीचा नॉब ठरवतो, आणि त्या दोघांना कुणी हात लावत नाही, दुकानातून आलेत तिथंच असतात बिचारे.

साध्या घरगुती मशीनवर लांबी ० ते ४ आणि रुंदी ० ते ५ अशी असते, आणि हे आकडे मिलिमीटरचे आहेत. लांबी २.५ म्हणजे साधारण इंचाला १० टाके, आपली नेहमीची ब्लाउजची शिलाई. काही छोट्या मशीनला रुंदीचा वेगळा नॉब नसतो, तिथं डायलवरच बारीक, मध्यम, मोठा असा झिगझॅग वेगवेगळा छापलेला असतो, तसं असेल तर तसं वापरा.

आता एक काम करा, आधी हे करा मगच पुढचं वाचा खरं तर. इचलकरंजीच्या पांढऱ्या पॉपलीनची वीतभर रुंद, हातभर लांब पट्टी फाडा आणि दुहेरी करून घ्या. वर लाल दोरा, बॉबिनमध्ये निळा. झिगझॅग लावा, रुंदी ५ वर ठेवा आणि लांबी ३ पासून सुरू करून शिवता शिवताच हळूहळू कमी करत ०.५ पर्यंत या. सुरुवातीला विरळ नागमोडी, मग मांजराच्या दातासारखं, आणि शेवटी सॅटिनसारखी भरीव पट्टी दिसेल. मग दुसरी ओळ, लांबी २ वर ठेवून रुंदी १ पासून ५ पर्यंत वाढवत न्या. प्रत्येक बदलाच्या शेजारी बॉलपेननं आकडा लिहा. माझ्या क्लासच्या भिंतीवर अशी पट्टी टाचणीनं लावलेली आहे, पिवळी पडलीय, पण मी अजून तीच बघते. लाल-निळा दोरा यासाठी की टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, चुकलं असेल तर लगेच दिसतं. वरच्या बाजूला निळा दोरा डोकावत असेल तर वरचं टेन्शन जास्त आहे, सरळ शिलाईला ४ वर असतं ते झिगझॅगला ३ किंवा २ वर आणा. लाल दोरा कोपऱ्याकोपऱ्यावर खाली थोडासा दिसला तर चालतं, झिगझॅगला तसाच पाहिजे.

हा डायल किंवा रुंदीचा नॉब फिरवताना सुई कापडाच्या वर आहे ना ते बघा. सुई आत असताना डायल फिरवला की ती आतल्या आत वाकते, पुढच्या टाक्याला प्लेटवर आपटून मोडते. आणि काळ्या मशीनचा अरुंद फूट (कापड दाबून धरणारा पाय) किंवा सुईखालची गोल भोकाची प्लेट झिगझॅगला लावू नका, सुई बाजूला जाणार कुठनं? मी पहिल्याच आठवड्यात आईच्या मशीनचा फूट लावून झिगझॅग मारला होता, सुईचा तुकडा चष्म्यावर येऊन लागला. तेव्हा नंबर लागला म्हणून मी फार वैतागले होते, त्या दिवशी चष्म्याला नमस्कार केला.

बरं, कड गोळा होण्याचं. तुम्ही बहुतेक एकेरी, पातळ कापडाच्या कडेला रुंदी ५ लावून शिवताय. सुई एका फेरीत डावीकडून उजवीकडं ५ मिलिमीटर उडी मारते आणि वरचा दोरा घट्ट असला की तो दोन्ही टोकं एकमेकांकडं ओढतो, मधलं कापड बोगद्यासारखं वर येतं. पातळ कापडाला ताकद नाही ते ओढणं सोसायची. मग काय करायचं, टेन्शन कमी, रुंदी ३.५-४ पर्यंत कमी, लांबी २ च्या आसपास, आणि सुईची उजवीकडची फेरी कापडाच्या किंचित बाहेर हवेत पडली पाहिजे, म्हणजे दोरा कडेला गुंडाळला जातो. पुष्कळ जणी अख्खा झिगझॅग कापडाच्या आत मारतात, मग बाहेरचे धागे सुटतच राहतात आणि वर म्हणतात झिगझॅगनं काही होत नाही. कडेसाठी वेगळा फूट मशीनसोबत आला असेल, त्याच्या बाजूला बारीक तारेसारखी काडी असते, ती कड सपाट धरून ठेवते, पण त्या फुटाला रुंदी पूर्ण ५ च लावायची, कमी लावली तर सुई काडीवर बसते. आधी हातानं चाक फिरवून एक फेरी बघा, मगच पाय दाबा. झिगझॅगचं मशीन १८७३ साली अमेरिकेत हेलन ब्लँचार्ड नावाच्या बाईनं पेटंट केलं ते कड शिवायलाच, म्हणजे आपलं हे दुखणं जुनं आहे.

एवढं करूनही गोळा होत असेल, क्रेप, सॅटिन, शिफॉन असलं काही असेल, तर साधा झिगझॅग सोडा आणि तीन टप्प्यांचा झिगझॅग घ्या. डायलवर त्याचं चित्र म्हणजे तिरक्या रेषेवर छोटे छोटे ठिपके. हा डावीकडून उजवीकडं एका उडीत जात नाही, तीन छोट्या टाक्यांत जातो, त्यामुळं कापड ओढलं जात नाही. रुंदी ५, लांबी १ ते १.५. माझं मत विचाराल तर घरच्या मशीनवरचा हा सगळ्यात गुणी आणि सगळ्यात दुर्लक्षित टाका. इलास्टिक लावायला हाच, इलास्टिक ताणून धरून मारायचा. फाटलेली चादर, कोपरावर विरलेला शर्ट, मागून ठिगळ ठेवून हाच पुढंमागं मारला की रफूचं काम होतं.

आणि एक गंमत सांगू का, तुमची जी कड गोळा होतेय ना, तेच करून घ्यायला महाद्वार रोडला साड्या घेऊन बायका रांगेत उभ्या असतात. पिको म्हणजे दुसरं काय? पातळ साडीची कड दाट झिगझॅगखाली मुद्दाम गोळा होऊ द्यायची. घरी करायचा तर रुंदी ३, लांबी १ च्या खाली, टेन्शन या वेळी कमी नाही करायचं, आणि डावी फेरी कापडात, उजवी हवेत. कड आपोआप आत वळते. साडीच्याच रंगाचा बारीक दोरा घ्या आणि ११ नंबरची नवी सुई. जॉर्जेटवर छान होतो. काठपदराच्या जाड सिल्कवर माझा तरी मनासारखा होत नाही, ती मी बाहेरच देते. फॉल मात्र हातानंच लावा, मशीननं लावलेला फॉल निऱ्यांत ताठ दिसतो.

आता टी-शर्ट. टाके सुटतात याचं कारण मशीन नाही, सुई आहे. सुई खाली जाऊन परत वर यायला लागली की तिच्या मागं दोऱ्याचा बारीक फास तयार होतो, खाली बॉबिनभोवती फिरणाऱ्या शटलचं टोक तो फास पकडतं आणि टाका बसतो. होजिअरीचं, म्हणजे टी-शर्टसारखं ताणणारं, कापड सुईला चिकटून तिच्याबरोबरच वर येतं, फास धड होत नाही, शटलला सापडत नाही, झाला टाका गायब. बॉल पॉइंट सुई मागा, लक्ष्मीपुरीत कुठल्याही मशीनच्या सामानाच्या दुकानात मिळेल, ११ आणि १४ दोन्ही आणून ठेवा. तिचं टोक बोथट गोल असतं, ते विणीचे फासे तोडत नाही, बाजूला सारून जातं. साध्या सुईनं शिवलं तर चार धुण्यांनंतर शिलाईच्या कडेनं बारीक भोकं पडलेली दिसतील, तीच ती.

सुई बदलूनही सरळ शिलाई होजिअरीला चालत नाही. कापड ताणतं, दोरा ताणत नाही, गळ्यातून डोकं घातलं की कट्ट. तिथं झिगझॅगच घ्यायचा पण रुंदी फक्त ०.५ ते १ आणि लांबी २.५. बघणाऱ्याला सरळच शिलाई वाटते, पण दोऱ्याला थोडी मोकळीक राहते आणि ताण आला की तो उलगडतो. शिवताना कापड मागून ओढू नका, ओढलं की कड झालरीसारखी लाटालाटांची होते आणि इस्त्रीनं पण बसत नाही. मशीनला फुटाचा दाब कमी करायची सोय असेल तर एक घर कमी करा. सुरुवातीला कोपरा प्लेटच्या भोकात ओढला जातो, मशीन खातंय म्हणतात ते, तर आधी एका चिंधीवर चार टाके मारा आणि तिला लागूनच खरं कापड सरकवा, शेवटी चिंधी कापून टाका. दोन्ही दोऱ्यांची टोकं पहिल्या तीन-चार टाक्यांना बोटानं मागं धरायची, हे तर सगळीकडंच.

ट्रॅकपँटचं वेगळं आहे, तिथं ताण पण आहे आणि जोर पण आहे. माझा पुतण्या पेठेत फुटबॉल खेळतो, कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, शाहू स्टेडियमवर मॅच असली की आमच्या घरात दुपारी कुणी सापडत नाही. त्याची शॉर्ट दर पंधरा दिवसांनी आसनात उसवायची. मी दोनदा सरळ दुहेरी शिलाई मारून दिली, दोनदा उसवली, तिसऱ्यांदा "काकू, तुझा क्लास बंद कर" म्हणाला. मग शॉर्ट नीट उलटी करून बघितली. कापड शाबूत होतं, दोरा तुटला होता. म्हणजे मी जितकी घट्ट शिवत होते तितका तो लवकर तुटत होता. मग तिहेरी टाका मारला. डायलवर तीन समांतर जाड रेघा दिसतात तो. यात मशीन दोन टाके पुढं आणि एक मागं असं चालतं, प्रत्येक ठिकाणी दोरा तीनदा जातो, त्यामुळं मजबूत पण होतो आणि ताणतो पण. ती शॉर्ट नंतर आखूड झाली म्हणून टाकली, आसन शेवटपर्यंत टिकलं.

इथंच बहुतेक जणी अडकतात, तुम्ही पण अडकला असणार. डायलवर चित्रांच्या दोन ओळी असतात, एक काळ्या रंगात आणि दुसरी निळ्या नाहीतर लाल. दुसऱ्या रंगातले टाके ताणाचे असतात आणि त्यांना नुसता डायल फिरवून भागत नाही, लांबीचा नॉब पार टोकाला एस-एस लिहिलेल्या खुणेवर न्यावा लागतो. त्याशिवाय फुटाखालचे कापड सरकवणारे दाते मागंपुढं चालतच नाहीत, नुसतं पुढं जातात, आणि चित्र एक, टाका भलताच. एस-एसच्या आतही थोडी जागा असते, टाके एकमेकांवर चढत असले किंवा फार सुटे दिसले तर नॉब किंचित इकडंतिकडं करायचा. तिहेरी टाका उसवायचा म्हणजे नरक आहे हे मात्र सांगून ठेवते. आधी लांबी ४ ची सरळ शिलाई मारून पोराला घालून बघा, बरोबर बसली की मगच त्यावर तिहेरी. आणि हा टाका मारताना कापड हातानं मागं ढकलू नका, मशीन स्वतः मागं येत असतं, तुम्ही ढकललं की ते गोंधळतं.

ब्लाइंड हेम, म्हणजे सुलट बाजूनं न दिसणारी मशीनची तुरपाई, याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण एकदा जमलं की पँटच्या तळाला, पडद्याला, स्कर्टला हातानं तुरपाई करायचं सुटतं. अवघड फक्त घडी आहे. पँटचा तळ पाहिजे तेवढा आत दुमडून इस्त्री करा. मग ती दुमड पँटच्या खाली अशी मोडा की दुमडीची आतली कड उजवीकडं तीन-चार मिलिमीटर बाहेर राहील आणि डावीकडं पँटच्या कापडाची घडी येईल. मशीनवर उलटी बाजू वर. फुटावरची पट्टी त्या घडीला टेकवून ठेवायची. मशीन बाहेर राहिलेल्या कडेवर काही टाके मारतं आणि मग एकदाच डावीकडं उडी मारून घडीचे एक-दोन धागे पकडतं. तेवढेच पकडले पाहिजेत. जास्त पकडले तर सुलट बाजूला उभ्या रेघा दिसतात, पकडलेच नाहीत तर तळ सुटतो. फुटावरच्या स्क्रूनं पट्टी अर्धा मिलिमीटर सरकवत नेमकी जागा शोधायची, चाक हातानं फिरवून. मला पहिल्यांदा हे जमायला एक अख्खी जुनी पँट लागली, दोन्ही पाय कापून कापून गुडघ्यापर्यंत आले. डायलवर याची दोन चित्रं असतात, मधले टाके सरळ असलेलं साध्या कापडाला, मधले टाके बारीक नागमोडी असलेलं होजिअरीला.

काज-बटणाचं पटकन सांगते. काज आधी चिंधीवर, आत बकरम किंवा पातळ कॅनव्हास घालून, आणि कापताना दोन्ही टोकांना टाचणी आडवी टोचून मगच कापा म्हणजे पुढं फाटत नाही. बटण लावायला दाते खाली करा किंवा लांबी ०, रुंदी बटणाच्या भोकांच्या अंतराएवढी, पहिल्या दोन फेऱ्या हातानं. खिशाच्या कोपऱ्याला, चेनच्या शेवटाला रुंदी २, लांबी ०.५ असा बोटाच्या पेरापेक्षा लहान झिगझॅग मारला की ती जागा फाटत नाही, जीन्सच्या खिशाला बघा, तेच असतं.

आता ओव्हरलॉक घ्यायचं का. ओव्हरलॉकचं मशीन कड कापतं आणि त्याच वेळी तीन-चार दोऱ्यांनी गुंडाळतं, घरच्या मशीनवरचा ओव्हरलॉकसारखा दिसणारा टाका कापत नाही आणि दोनच दोऱ्यांचा असतो. त्यामुळं तो मारायच्या आधी कड कात्रीनं स्वच्छ कापून घ्यावी लागते. घरच्या चार माणसांच्या कपड्यांना तो पुरतो. गांधीनगरातनं ठोक कापड आणून रोज दहा गाऊन शिवून विकणार असाल तर मात्र नाही पुरणार, तेव्हा घ्या. खणाच्या ब्लाउजला मी काय करते ते सांगते, खण कापल्या कापल्या सुटायला लागतो, त्यामुळं जोडायच्या आधीच प्रत्येक तुकड्याला एकेरी कापडावर तीन टप्प्यांचा झिगझॅग मारून घेते, मुंढा, बाही, गळा सगळं. जोडल्यावर मारायला गेलं तर शिलाईसाठी कडेला सोडलेलं कापड अर्धं सुटून गेलेलं असतं.

शेवटी मशीन खराब आहे का ते. कारागिराला बोलवायच्या आधी सुई बदला, सपाट बाजू मागं, आणि खालून वर टेकेपर्यंत सारून स्क्रू आवळा. गोल दांड्याची सुई कुणी दिली तर परत करा, ती कारखान्याच्या मशीनची. मग वरचा दोरा पूर्ण काढून, फूट वर उचलून परत ओवा, फूट खाली असताना ओवला तर दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसतच नाही. खाली दोऱ्याचं जाळं होतं त्यात निम्म्या वेळा दोष वरच्या दोऱ्याचाच असतो. आणि मग प्लेट उघडून ब्रशनं साफ करा, आपल्याकडं पावसाळ्यात तर नक्कीच, ओल धरून तंतू चिकटतात आणि सुयांना गंज पण चढतो. मागच्या जुलैत फुलेवाडीतनं एकजण मशीन रिक्षात घालून माझ्याकडं आली, टाका धरत नाही म्हणून. प्लेट काढली तर दात्यांखाली टॉवेलच्या तंतूंची गादी आणि त्या गादीत मोडलेल्या सुईचं टोक. चिमट्यानं टोक काढलं, शटलला तेलाचा एक थेंब दिला, आतनं चहा येईपर्यंत मशीन चालू झालं होतं.